लेकीला आजोबांचं नाव द्यायचंय, आणि आजोबांचं नाव दत्तात्रय

कृष्णाकाठची:

मंडळी, लेक मांडीवर झोपलीय आणि एका हाताने टायपतेय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

ती आज महिन्याची झाली. बारसं सव्वा महिन्याने करायचं ठरलंय, म्हणजे पुढच्याच रविवारी. पाळणा आलाय, घुगऱ्यांचे हरभरे आणून ठेवलेत, नाव तेवढं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, मला सहावा चालू असताना गेले. एसटीत कंडक्टर होते. आजीची आधीची दोन मुलं राहिली नाहीत, मग तिने नृसिंहवाडीला नवस बोलला आणि भाऊ झाले, म्हणून दत्तात्रय. मला लेकीच्या नावात भाऊ हवे आहेत. "मुलगा असता तर प्रश्नच नव्हता," असं भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणते, आणि अगदी समजूत घातल्यासारखं म्हणते.

अडचणी दोन. गुरुजींनी काढलेलं अक्षर आहे 'ठ'. ही हसण्यावारी नेता येईल. दुसरी मात्र खरी. सासऱ्यांचं नाव वसंत. सासूबाई म्हणाल्या, आजोबांचंच नाव द्यायचं तर आधी बापाच्या बापाचं; वासंती किती गोड आहे! गोड आहेच हो. मी काय बोलणार?

मला सुचलेली नावं: दत्तश्री, दत्तजा, दत्तप्रिया. नवरा म्हणतो, ही पतसंस्थेची नावं वाटतात, पाटीवर पुढे 'मर्यादित' लिहिलेलं दिसतं. सुचवा काहीतरी.

चहाटळ:

'ठ' वरून ठकूताई! अभिनंदन. पेढे कुठायत?

आजीबाईचा_बटवा:

बाळंतिणीने फार वेळ मोबाइल बघू नये, हे आधी सांगते.

अक्षराची काळजी सोड. हस्ताचं चौथं चरण म्हणजे 'ठ'च यायचं, पू-ष-ण-ठ. माझ्या नातवाचं आर्द्रा, तिसरं चरण, अक्षर आलं 'ङ'. गुरुजी स्वतःच म्हणाले, 'ग' धरा. जन्मनाव पत्रिकेपुरतं असतं गं. नामकरणाच्या विधीत तर नावंच चार असतात: देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. ताटात तांदूळ पसरायचे आणि सोन्याच्या अंगठीने लिहायची. पहिली तीन संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. वासंती त्यात बसवून टाक, सासूबाईही खूश.

चहाटळ:

आजी, म्हणजे सासऱ्यांना तांदळात घालायचं आणि वडिलांना दाखल्यावर? सासूबाई हा धागा वाचत नाहीत ना? (हलके घ्या.)

पाणिनीचा_शेजारी:

शाळेत सव्वीस वर्षं संस्कृत शिकवलं, त्यामुळे हा प्रतिसाद लांबणार.

मुलीला घरातल्या पुरुषाचं नाव देणं हे आधुनिक खूळ आहे असं कुणी म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. जनकाची जानकी. द्रुपदाची द्रौपदी. पर्वताची पार्वती. जह्नूची जाह्नवी, भगीरथाची भागीरथी. यांतल्या बहुतेकींना स्वतःचं वेगळं नाव होतं (द्रौपदीचं कृष्णा), पण लोकांच्या तोंडी बसलं ते बापावरून आलेलं. चिपळूणची वाशिष्ठी नदीसुद्धा वसिष्ठांची. पहिला स्वर ताणायचा, शेवटी ई लावायची, आणि 'त्याची लेक' किंवा 'त्याच्या कुळातली' असा अर्थ तयार.

आता धोक्याची जागा. हल्ली सरसकट '-आनी' लावतात. ते लेकीचं नव्हे, बायकोचं रूप आहे. इंद्राणी म्हणजे इंद्राची बायको, तशीच रुद्राणी, शर्वाणी, भवानी. पाणिनीने त्याची यादीच दिली आहे (४.१.४९), आणि त्याच यादीत मातुलही आहे: मातुलानी म्हणजे मामी. तेव्हा मामाच्या आठवणीसाठी भाचीचं नाव ठेवताना व्याकरणाने तिची मामी करू नका. अवांतर: 'शिवानी' त्या यादीत नाही, पण माझ्या प्रत्येक वर्गात दोन असायच्या. त्याच यादीतली हिमानी मात्र कुणाची बायको नाही. हिमानी म्हणजे पुष्कळ बर्फ.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. नाव फोडा. दत्त अधिक आत्रेय. दत्त म्हणजे दिलेला, आत्रेय म्हणजे अत्रीचा मुलगा. आत्रेयचं स्त्रीलिंगी रूप आत्रेयी. तयार नाव आहे, बनवावं लागत नाही. भवभूतीच्या उत्तररामचरितात दुसऱ्या अंकात आत्रेयी नावाची एक विद्यार्थिनी भेटते. वाल्मीकींच्या आश्रमात शिकत असते, पण लव-कुश इतके हुशार निघतात की त्यांच्याबरोबर तिचा अभ्यास होईना, म्हणून ती वेदान्त शिकायला एकटी दंडकारण्य तुडवत अगस्त्यांकडे निघालेली असते. वर्ग जमेना म्हणून शाळा बदलणारी मुलगी! मला फार आवडते ती.

वसईकर:

आमच्याकडे हे फार सोपं. जोसेफची जोसेफिन, पॉलची पॉलिन, अँटनीची अँटोनिया. माझी थोरली बहीण आजोबांवरून जोसेफिन. घरात तिला कायम जोसूच म्हटलं आणि आजोबाही जोसूच. आजीने अंगणातून हाक मारली की दोघं ओ द्यायचे.

मांडवीकाठ:

पणजीहून. आमच्या आजोबांचं नाव विष्णू, म्हणून ताईचं वैष्णवी. सगळ्यांना वाटलं प्रश्न सुटला. पण आजी जुन्या वळणाची, नवऱ्याचं नाव घेणार नाही, आणि नवऱ्याच्या नावासारखं काही असेल तर तेही नाही. पोथीत विष्णू आला की 'तो' म्हणून पुढे जायची. ताईला तिने जन्मभर 'बाय' म्हटलं. शेवटच्या आजारात मात्र दवाखान्यात एकदा स्पष्ट 'वैष्णवी' म्हणाली. ताईला आजही कळलेलं नाही की हाक तिला होती की आजोबांना.

तेव्हा ठेवायच्या आधी बघा, घरातलं कोण ते नाव घेऊ शकणार नाही.

कोरडा_ओढा:

विरोधी मत मांडतो, राग मानू नका.

मला काकाचं नाव आहे. काका एकोणिसाव्या वर्षी पंचगंगेत बुडाला, मी दोन वर्षांनी झालो. आजी मला कधी रागावली नाही. त्या नावाने ओरडणं तिला जमतच नसे. जेवायला वाढताना बघत बसायची आणि मग पदर डोळ्याला. मी पोहायला शिकलो नाही, कुणी शिकू दिलंच नाही. आज पंचेचाळिसाव्या वर्षीही भिंतीवरचा फोटो आणि मी एकाच नावाचे आहोत.

माणसाची आठवण ठेवायला फोटो आहेत, श्राद्ध आहे, त्यांच्या नावाने शाळेला पुस्तकं देता येतात. महिन्याच्या पोरीच्या पाठीवर हे कशाला?

कृष्णाकाठची:

कोरडा_ओढा, राग अजिबात नाही. दोनदा वाचलं. रात्री तिला पाजताना हेच डोक्यात होतं.

पण भाऊ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होऊन गेले. दुपारी जेवून, पान खाऊन, खुर्चीत. त्यांच्याबद्दल घरात कुणी रडत बोलत नाही, उलट हसतच बोलतो. सुटे पैसे नसलेल्या माणसाला ते काय ऐकवायचे ते माझा भाऊ अजून करून दाखवतो. म्हणून मला त्या नावाचं ओझं वाटत नाही. तुमच्या घरी जे झालं ते वेगळं होतं, आणि वाईट होतं.

इतिहासाचा_उंदीर:

मुलांच्या बाबतीत आपली परंपरा भक्कम. शिवाजी महाराजांनी थोरल्या मुलाला आपल्या मोठ्या भावाचं, कनकगिरीला पडलेल्या संभाजींचं नाव दिलं. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, बाजीरावाचा मुलगा पुन्हा बाळाजी, ज्याला आपण नानासाहेब म्हणतो. आजोबा-नातू, एक पिढी सोडून नाव परत. मुलींना मात्र देव्या आणि नद्या. शंभूराजांची लेक भवानीबाई.

निवृत्त_बाई:

देव्या आणि नद्या तरी बऱ्या हो. साताऱ्याकडे मी शिकवत होते तेव्हा हजेरीत 'नकुशा' असायची. तिसरी-चौथी मुलगी झाली की नकोशी, नकुशा. २०११ साली जिल्ह्यात मोहीम काढून समारंभाने अशा मुलींची नावं बदलली, पेपरात आलं होतं. ज्या घरात मुलीचं नाव नकार म्हणून ठेवत होते, त्याच आपल्या मुलखात एक बाई लेकीला बापाचं नाव द्यायला धडपडतेय. मला तर भरून आलं. ठेव गं बाई, कुठलंही ठेव.

बे_एरियातला_बाप्या:

इथे बारावा दिवस वगैरे लाड नाहीत, दवाखान्यातून घरी निघायच्या आधी फॉर्म समोर येतो. बाबांचं नाव सुधाकर. नर्स पेन घेऊन उभी, मी घामाघूम. बायको शांतपणे म्हणाली, अरे त्यांच्या नावात मुलगी आहेच की. सुधा.

तेव्हापासून मला नादच लागला. रमेशमध्ये रमा, उमेशमध्ये उमा, गंगाधरात गंगा, प्रभाकरात प्रभा, सीतारामात सीता. आपल्या बापजाद्यांच्या निम्म्या नावांत एक बाई आधीपासून बसलेली आहे, कुणी विचारलंच नाही तिला. आजोबा रमेश असतील तर काही शोधायला नको, 'ईश' काढून टाका.

चहाटळ:

माझे आजोबा दगडू. मार्गदर्शन करा.

पाणिनीचा_शेजारी:

शिला.

चहाटळ:

दंडवत!

सोलापुरी_चादर:

दत्तावरूनच हवं तर आमच्या भागातलं नाव घ्या: अमरजा. गाणगापूरला भीमा-अमरजा संगम आहे, तिथे स्नान केल्याशिवाय आमची वारी पुरी होत नाही. देवांसाठी नेलेलं अमृत सांडलं आणि त्याची नदी झाली, अशी गुरुचरित्रात कथा आहे. दत्ताच्या पायाशी वाहणारी नदी म्हणजे दत्तात्रयांची नात, झालं की. आमच्याकडे या नावाच्या दोघी तरी आहेत.

आणि अनघा विसरू नका. दत्ताची शक्ती अनघा. अनघाष्टमीचं व्रत असतं. नाव सोपं, अर्थ 'निष्पाप'.

चहाटळ:

अमरजा सुंदर आहे, पण वर्गातल्या एखाद्या द्वाडाने पहिला 'अ' गाळला तर हिंदीत काय होईल ते म्हणून बघा. मी द्वाड होतो, म्हणून सांगतो.

सोलापुरी_चादर:

अरे देवा. चाळीस वर्षांत हे डोक्यात आलं नव्हतं. आता जाणार नाही.

टेबल_नंबर_४:

नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर आहे, त्यामुळे भावना बाजूला ठेवून कामाचं सांगतो.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. ती नावाशिवायही होते, तुमची झालीच असेल. नाव नंतर घालता येतं. वर्षाच्या आत विनाशुल्क, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळे रविवारच्या भीतीने काहीतरी उरकू नका. मात्र एकदा नाव घातलं की 'आता आवडत नाही' म्हणून आमच्याकडे बदलून मिळत नाही. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासूनच्या जन्मांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे हाच दाखला लागतो.

दुसरं म्हणजे, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव सक्तीचं आहे. क्रम असा: बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे बाळाचं नाव सोडून तिच्या नावात आणखी तीन डबे आधीच जोडलेत. पाच अक्षरी संस्कृत नाव ठेवाल तर परीक्षेच्या फॉर्मची चौकट पुरणार नाही. आत्रेयी चालेल. फक्त इंग्रजी स्पेलिंग घरात एकच ठरवा. आमच्याकडे एकाच मुलीचं नाव आधारवर दोन 'ई' आणि दाखल्यावर एक 'आय' अशी प्रकरणं रोज येतात, आणि फेऱ्या पालकच मारतात.

कृष्णाकाठची:

सगळ्यांचे खूप आभार. इथली स्थिती कळवते.

अनघा मला फार आवडलं होतं. आईला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अनघा ही दत्ताची बायको ना? मग ती जागा भरलेली आहे." आणि फोन ठेवून दिला. पाच मिनिटांनी स्वतःच लावला आणि इतकी हसत होती की बोलता येईना. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. अनघा बाद.

अमरजा नवऱ्याने चहाटळांचा प्रतिसाद वाचून बाद केलं.

राहिलं आत्रेयी. पण मला एकच टोचतंय. भाऊंना 'दत्तात्रय' म्हणून कुणी हाकच मारली नाही. घरी भाऊ, डेपोत बिल्ला नंबर, आजीचा दत्तू. दत्तात्रय फक्त घरपट्टीवर आणि पेन्शनच्या कागदावर. मग मी नक्की कुणाचं नाव देतेय?

मांडवीकाठ:

मग भाऊवरून ठेवा. भाविका!

कृष्णाकाठची:

नवरा म्हणाला, परत पतसंस्था.

पाणिनीचा_शेजारी:

कृष्णाकाठची, एक लहानशी गोष्ट. मघाशी लिहिताना मी मुद्दाम 'आत्रेय' लिहिलं. मूळ नाव 'दत्तात्रेय', मात्रेसकट. मराठीत बोलता बोलता आपण ती मात्रा खाल्ली आणि 'दत्तात्रय' केलं. मग लोक 'त्रय' म्हणजे तीन, तीन तोंडांचा देव, म्हणून दत्तात्रय, असा अर्थही लावतात. तुमच्या वडिलांच्या कागदावर कसं आहे?

आणि धर्मसूत्रांत 'आत्रेयी' शब्दाला रजस्वला, ऋतुस्नात स्त्री असाही एक अर्थ आहे. कुणी पंडित बारशाला येऊन तो काढण्याआधी माझ्याकडूनच ऐका.

निवृत्त_बाई:

मग काय झालं? ती मुलगीच आहे.

पाणिनीचा_शेजारी:

बाईंना माझंही अनुमोदन.

कृष्णाकाठची:

सर, कागद बघितले. शाळेचा दाखला, सेवापुस्तक, पेन्शन, सगळीकडे 'दत्तात्रय'. मात्रा कुठेच नाही.

आजीबाईचा_बटवा:

सासऱ्यांचं काय ठरलं ते सांग आधी. मी इथे दोन दिवस फिरकून जातेय.

कृष्णाकाठची:

सांगते, झालंय सगळं. बारसं परवा पार पडलं.

आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी जेवताना परत वासंती काढलं. सासरे कोशिंबीर वाढून घेत होते. मान वर न करता म्हणाले, "जित्या माणसाचं नाव पोराला देतात का कधी? माझं नाव अजून मी वापरतोय. संपलं की मग बघा." सासूबाईंनी "काहीतरीच काय बोलता," म्हणत ताटाला हात लावला, तीनदा. विषय तिथेच मिटला. पुढची मुलगी झाली तर वासंती, असं मी मनात ठरवलंय. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

बारशाला आत्याने, म्हणजे माझ्या नणंदेने, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करून पाळण्याखालून नारळ फिरवला, कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं: आत्रेयी. बायकांनी पाठीत धपाटेही चांगले घातले तिच्या. मागून एक काकू म्हणाल्या, काय म्हणाली, रात्रेयी?

आईने येताना एक पितळी पेला आणला होता. भाऊंच्या स्वतःच्या बारशात त्यांच्या मामाने दिलेला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं आहे: 'चि. दत्तात्रय'. इतका घासला गेलाय की 'चि.' बोटाला लागतं, डोळ्याला दिसत नाही. भाऊ त्यातून रोज सकाळी पाणी प्यायचे आणि ड्युटीवर जायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत.

काल भांड्यांच्या दुकानात घेऊन गेले. नावं घालणारा मुलगा आता मशीनवर घालतो, पण त्याचे वडील मागे बसलेले. त्यांनी पेला उजेडात फिरवून बघितला आणि म्हणाले, याच्याखाली मशीन नको, हातानेच घालू. छिन्नी घेऊन खाली ठोकलं: 'चि. आत्रेयी'. एका नावाला दहा मिनिटं लागली. मग वरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ताई, वरच्यात मात्रा राहिलीय. एक टोला द्यायचा आहे फक्त, घालून देऊ का?"

मी नको म्हटलं.

चहाटळ:

पेल्याचा फोटो टाका. आणि पेढे अजून आले नाहीत.

टेबल_नंबर_४:

अभिनंदन. दाखला हातात पडला की टेबलावर उभं राहूनच मात्रा तपासून घ्या. मराठी रकाना आणि इंग्रजी रकाना, दोन्ही.